निळ्या खड्याचा कीबोर्ड

"बघा, बघा! हात तसूभरही हलत नाही!" कुणीतरी ओरडलं, आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या कालव्याकाठच्या त्या सभागृहातली पन्नाससाठ माणसं खुर्च्या सोडून पुढे धावली.

हात योस्टचा होता. योस्ट म्हणजे दिवसभर नकाशे काढणारा सहा फुटी गडी, आणि आता तो चक्क रडत होता. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, डाव्या हाताने छातीशी कवटाळलेला एक कीबोर्ड, आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले, नोव्हेंबरच्या थंडीत अनवाणी आलेले कासिमिर महाशय त्या आडव्या हातावर दोन बोटांनी दाब देताहेत, असा देखावा होता. दोनच मिनिटांपूर्वी योस्टने ऑफिसातला चपटा कीबोर्ड धरला होता, तेव्हा हाच हात ओल्या टॉवेलासारखा खाली लोंबला होता. आता छातीशी होता कासिमिर महाशयांचा 'झरा'. अक्रोडाचं लाकूड, मधोमध फाकलेले दोन भाग आणि त्यांच्यामध्ये बसवलेला सुपारीएवढा निळा खडा.

"मेंदू खोटं बोलतो, शरीर नाही!" कासिमिर डोळे मिटून म्हणाले. "तुमच्या मनगटात बारा नद्या वाहतात. प्लास्टिकच्या कळा त्यांच्यावर धरणं बांधतात. खडा धरणं फोडतो!"

हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी गाद्या विकत असत. तेव्हा त्या बारा नद्या पाठीत होत्या.

तिसऱ्या रांगेतल्या टिनेकेसाठी मात्र ही हसण्याची गोष्ट नव्हती. ती टीव्हीच्या मालिकांना सबटायटल्स लिहायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या मनगटांनी संप पुकारला. किटली उचलवेना, बरणीचं झाकण उघडवेना, सायकलचा ब्रेक दाबवेना, आणि त्या गावात ब्रेक न दाबता येणं म्हणजे घरात बसणं. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं काम अर्ध्या दिवसावर आणलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिने 'झरा' आणला आणि खरंच दुखणं उतरलं. काल कासिमिर महाशयांनी तिला सांगितलं, "तुमचा खडा आता भरला. सोमवारी डॉक्टरला कळवून टाका, पूर्ण वेळ काम करणार, परत येणार नाही. डॉक्टरकडे जाणं हा खड्याचा अपमान आहे." टिनेकेने तसं पत्र लिहूनही ठेवलं होतं.

ही सगळी मंडळी दर दोन महिन्यांनी जमायची. टायपिंगने हात गेलेले लोक हे. प्रत्येकाच्या पिशवीत एक तऱ्हेवाईक कीबोर्ड. कुणाचा दोन तुकड्यांत कापलेला, कुणाच्या कळा खोलगट वाडग्यात बसवलेल्या, कुणाचा एकेक भाग एकेका मांडीला बांधायचा. कळांवर अक्षरं छापणं तर त्यांना कमीपणाचं वाटे. कॉफी झाली की त्यांचा एक ठरलेला खेळ असायचा. कुणाचाही कीबोर्ड फडक्याखाली ठेवायचा, आणि बाकीच्यांनी हात घालून, न बघता, तो कुणाचा ते सांगायचं. नवीन आलेल्याची यातून सुटका नसे.

"चला, फडक्याचा खेळ!" वाउटर सर उठले. ते टिनेकेचे शाळेतले भौतिकशास्त्राचे मास्तर. निवृत्तीनंतर प्लायवूडचे कीबोर्ड कापत बसायचे. "आज पाहुणे कासिमिर महाशय. ते हात घालणार नाहीत, हात दाबणार. दाबून ओळखायचं, फडक्याखाली 'झरा' आहे की नाही."

"मी परीक्षा देत नसतो," कासिमिर म्हणाले.

"परीक्षा कसली हो!" कॉफीच्या किटलीमागून फेना म्हणाली. ग्रंथालयातली नोकरी सांभाळून ती हा गोतावळा चालवायची. "इथे मंत्री आला तरी खेळावं लागतं. हरलात तरी केक मिळतो."

लोकांनी टाळ्या पिटल्या. आता नाही म्हणण्याची सोय राहिली नाही.

फेना एकटी स्वयंपाकघरात गेली. बुटांचे दोन सारखे खोके, एकात 'झरा', दुसऱ्यात तितक्याच वजनाचं काहीतरी, दोन्हींवर एकसारखी फडकी. कोणता खोका आधी, हे तिने नाणं उडवून ठरवलं आणि ती आतच थांबली. खोके बाहेर आणले योस्टने, आणि त्यालाही आत काय ते ठाऊक नव्हतं.

हात टिनेकेने पुढे केला. पहिला खोका छातीशी धरला. कासिमिरनी दाबलं. हात खाली.

"मेलेलं प्लास्टिक!" ते म्हणाले.

दुसरा खोका. "घट्ट धरा हं... आता!" हात खांबासारखा ताठ. "ऐकलंत? खडा बोलतोय! बारा नद्या एकदम सुटल्या!"

योस्टने फडकं काढलं. खोक्यात लाकडी पाट होता, आणि पाटावर मसाल्याच्या केकची अख्खी लादी. बारा नद्या केकमधून सुटल्या होत्या. लोक इतके हसले की एका आजींना पाणी द्यावं लागलं.

"तुमच्या शंकेने खडा बिथरला," कासिमिर कपाळ पुसत म्हणाले.

"बरोबर आहे, एकदा चुकणं म्हणजे काहीच नाही," वाउटर सर शांतपणे म्हणाले. "दहा वेळा करू."

दहा वेळा झालं. कासिमिरना चार वेळा बरोबर सांगता आलं. डोळे मिटून नुसता अंदाज केला असता तरी पाचाच्या आसपास जमलं असतं.

"योस्ट, इकडे ये," सर म्हणाले. "हात आडवा धर. दार आपण बिजागरीपासून लांब का ढकलतो? बिजागरीजवळ ढकलून बघ, घाम फुटेल. तुझा खांदा ही बिजागरी. मी मनगटावर दाबलं..." हात पडला. "आणि चार बोटं कोपराकडे सरकून दाबलं..." हात ताठ. "शिवाय एकदा न सांगता दाबायचं, एकदा 'घट्ट धरा' म्हणून. कीबोर्ड हवाच कशाला? बटाटा धरला तरी चालेल!"

योस्ट स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "म्हणजे मी दोन मिनिटं उगीच रडलो?"

तेवढ्यात टिनेके उठली. "सर, हाताची गंमत कळली. पण माझं दुखणं कमी झालं, ते खोटं नाही. खडा नाही, तर मग कशाने झालं?"

कासिमिर पुन्हा जरा ताठ उभे राहिले.

"खोटं कोण म्हणतंय?" सर म्हणाले. "खड्याबरोबर काही नियम दिले होते का गं?"

"दर अर्ध्या तासाने सात मिनिटं हात मांडीवर ठेवायचे. खड्याला पाणी पिऊ द्यायचं. तेव्हा एकही कळ दाबायची नाही."

"चार तासांच्या कामात किती झालं हे?"

टिनेकेने मनात हिशोब केला. "जवळजवळ तासभर."

"आणि डॉक्टरीणबाई दोन वर्षं काय सांगत होत्या?"

"मध्ये मध्ये थांबा म्हणून."

"थांबलीस?"

"मालिका थांबत नाही हो सर! कामं अडायची, सगळे माझ्याकडे बघायचे." ती बोलता बोलता थांबली. "स्वतःसाठी थांबायची लाज वाटायची. खड्यासाठी नाही वाटली."

"मग आता खडा भरलाय. पाणी पाजायचं बंद. सोमवारपासून आठ तास, न थांबता." सर यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत.

टिनेकेला लिहून ठेवलेलं पत्र आठवलं. आणखी सहा महिन्यांत किटलीच काय, चमचासुद्धा उचलवला नसता. ती कासिमिरकडे वळली. "तुम्ही मला डॉक्टरकडे जाऊ नका म्हणालात. माझे हात गेले असते तर तुम्ही येऊन माझी सायकल चालवणार होतात का?"

"ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी माझ्याबरोबर यावं," म्हणत कासिमिर महाशय आले तसे अनवाणीच दाराकडे निघाले. दोघेजण त्यांच्या मागोमाग गेलेही. त्यातला एक कॉफीसाठी परत आला.

"म्हणजे खरा कीबोर्ड तुमचाच ना सर?" योस्टने विचारलं.

"छे रे बाबा! दोन भाग लांब ठेवले की मनगट वाकडं राहत नाही, एवढीच माझ्या प्लायवूडची करामत. कुणाला मानवतो, कुणाला नाही. दुखतंय म्हणजे हात थांब म्हणतोय. त्याचं ऐकायला खडा लागत नाही."

टिनेकेने तिथेच, सगळ्यांदेखत फोन लावला. शनिवार असल्यामुळे पलीकडे निरोप घेणारं यंत्र होतं. "मी टिनेके. सोमवारी येतेय. पूर्ण वेळ नको, अर्धाच ठेवा. आणि कामातल्या विश्रांतीचं वेळापत्रक तुमच्या सहीने लिहून द्या. ते मी टेबलावर चिकटवणार आहे आणि ज्याला बघायचं त्याने बघावं."

बरं वाटणं खरं असतं. कशामुळे वाटलं याचं उत्तर मात्र शोधावं लागतं. ते शोधू न देणारा, वर आपल्या डॉक्टरपासूनच आपल्याला तोडणारा माणूस कितीही गोड बोलो, त्याच्या हाती आपला हात देऊ नये.