बोटाचा मान

सकाळी भाकरी थापून झाल्या की कमलबाई हात धुवायची आणि नवऱ्याच्या, म्हणजे वनाच्या, धोतराची गाठ मारून द्यायची. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तीन वर्षांपूर्वी गेलं होतं.

दोघं चोपड्याच्या लालचंद शेठजींच्या वखारीत कामाला होती. तिथल्या लाकूड फोडायच्या यंत्राची पाचर इंजिनावर सारखी वरखाली व्हायची आणि ओंडका हातानं धरावा लागायचा. ज्याचं बोट जाईल त्याला दसऱ्याला शेठजी शेला-नारळ द्यायचे. त्याला म्हणत ‘बोटाचा मान’. वनाही आपली थोटकं दाखवून म्हणायचा, “यंत्र बोट मांगसच! त्याशिवाय मानूस पक्का होत नही.”

यंदा जुनं यंत्र मोडीत निघालं. निवडीसाठी दोन नवी यंत्रं आली. एक जुन्यासारखंच, फक्त दुप्पट वेगाचं. दुसऱ्यात ओंडका खाचेत ठेवायचा आणि लांब उभं राहून दोन दांडे दोन्ही हातांनी दाबायचे. एक हात जरी सुटला तरी पाचर जागीच थांबायची.

“वेगवालं घेऊ,” शेठजी म्हणाले. “लग्नसराई तोंडावर आहे.”

कमलबाईनं वनाच्या थोटकांकडे पाहिलं. वेगाच्या यंत्रावर ओंडका धरायला वनाच उभा राहणार होता!

तेवढ्यात सरपण न्यायला आलेले झुलालनाना पुढे झाले. वरणगावच्या कारखान्यात दहा वर्षं पत्रा दाबायच्या यंत्रावर काढून ते घरी बसले होते. त्यांनी दोन्ही पंजे पसरले. “मोजा शेठजी. दहाची दहा बोटं शाबूत.”

“नाना, मंग काम केलं का नुसता चहा पिला?” हिलाल इंजिनवाला खिदळला.

“दोन्ही केलं रे! आमच्याकडे बोट गेलं तर साहेब यंत्राला जाब विचारायचा. तुम्ही नारळ देता. शेठजी, दोन्ही यंत्रं दुपारपर्यंत चालवून बघा, मग ठरवा.”

शेठजी कबूल झाले. वेगाच्या यंत्रावर वना, दांड्यांच्या यंत्रावर कमलबाई!

पहिल्या तासात वनाचा ढीग कमरेएवढा, कमलबाईचा गुडघ्याएवढा. “अक्का, झोप लागनी का?” हिलालनं टोमणा मारला. कमलबाईनं पुढचा ओंडका उचलला. ओंडका ठेव, दांडे दाब, ओंडका ठेव, दांडे दाब. तिची नजर मात्र वनाच्या हातावर होती.

ऊन चढलं. वनाचा हात दमला, बिचकू लागला. बाभळीचा पीळ असलेला ओंडका आला की पाचर अडकायची, मग इंजिनाचा पट्टा उतरवा, पाचर सोडवा, पुन्हा पट्टा चढवा! कमलबाईचं काम मात्र एका लयीत चाललं होतं.

आणि अचानक वनाच्या हातातला ओंडका गरकन फिरून उसळला! वनानं हात झटकला म्हणून वाचला. पागोटं उडून पाचरीखाली गेलं आणि त्याच्या चिंध्या झाल्या.

हिलालनं इंजिन बंद केलं. वना उरलेली बोटं पुन्हा पुन्हा चाचपत होता.

कमलबाई दांडे सोडून शेठजींपुढे आली. “शेठजी, दसराले तुम्ही यास्ले नारळ दिधं. पन धोतरनी गाठ रोज मी मारस!”

शेठजींची मान खाली गेली. मग त्यांनी दोन्ही ढिगांकडे पाहिलं. वनाचा ढीग छातीशीच अडला होता, कमलबाईचा मात्र तिच्या डोक्याच्या वर गेला होता!

“नाना,” ते म्हणाले, “मी आजवर जखमेचा सत्कार करत आलो. चुकलं माझं. हे वेगवालं परत पाठवतो!”

“तीन वरीस मी थोटकं मिरवलं,” वना पुटपुटला. “कमल, मले बी शिकाड ते दांडं.”

पुढच्या दसऱ्याला नव्या यंत्राला झेंडूची माळ चढली. शेला-नारळाचा मान मिळाला कमलबाईला, वर्षभर सगळ्यांची बोटं शाबूत राखणाऱ्या यंत्रावरच्या पहिल्या कामगाराला! हिलालनं इंजिनाची शिट्टी इतकी लांब वाजवली की बाजारातली माणसं धावत आली.

बंधुभगिनींनो, यंत्र घ्याल तेव्हा ते किती फोडतं हे जरूर विचारा. पण त्याआधी, संध्याकाळी माणूस अख्खा घरी जातो का, हे विचारा. अपघाताला मान देणं सोडा, म्हणजे अपघात येणंही सोडतील.