गायरानाची सभा

दिपाली सोनपेठकडच्या मेंढपाळाची पोरगी, घरातली पहिली पगारदार. सौरऊर्जेच्या एका कंपनीत गावकऱ्यांशी बोलणी करायचं काम तिला मिळालं. प्रशिक्षणात विचारलं होतं, काहीही झालं तरी काय सोडणार नाहीस? ती पटकन म्हणाली, "खरेपणा." टाळ्या पडल्या. फार विचार करून बोललेलं नव्हतं ते.

मार्गशीर्षात तिचे साहेब व्यंकटराव तिला एका वाडीवर घेऊन गेले. कंपनीला तिथलं गायरान हवं होतं, त्यासाठी गावसभेची संमती लागणार होती. वाडी ऊसतोडीला गेलेली, दारादाराला कुलपं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना व्यंकटरावांनी सकाळीच जीपनं शेजारगावच्या भंडाऱ्याच्या जेवणाला धाडलं होतं.

"मी मोबाईलवर शूटिंग घेतो. तू फक्त विचार, कुणाची हरकत आहे का. कुणी बोललं नाही की सभा झाली."

भर दुपार. पारावरचं पान हलत नव्हतं. दिपालीनं विचारलं, "कुणाची हरकत हाय का?"

"हाय."

समोरच्या घरातून आलं. बाईचा आवाज. दाराला बाहेरून कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं.

मग डावीकडून, पुरुषाचा. "हाय." मग पाठीमागून. ओरडत कुणीच नव्हतं. शाळेत हजेरी द्यावी तसं एकेक बंद दार बोलत गेलं.

 दिपालीनं साहेबांकडं पाहिलं. ते घामानं डबडबले होते. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

"वारा आहे," ते म्हणाले. "पुन्हा घेऊ. आवाज नंतर काढून टाकता येतो."

दारांपेक्षा तिला त्या माणसाचीच जास्त भीती वाटली. आज आपण पुन्हा विचारलं, तर उद्या आपल्यालाही हा आवाज वाराच वाटेल.

"मी न्हाई विचारणार, सर."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

ती एकटी फाट्यापर्यंत चालत आली. वाडीतल्या सूर्यभानमामांचा नंबर कामामुळं तिच्याकडं होता. फोन लागला तेव्हा ते उसाच्या फडात होते.

"मामा, तुमच्या वाडीत आज सभा घेतली."

पलीकडं कोयते चालूच होते.

"आमी तर समदे हितं हाव," सूर्यभान म्हणाले. "मंग तितं व्हतं कोण?"

"तुमी या," एवढंच ती म्हणाली.

चार माणसं तोड सोडून आली, त्यांनी तहसीलमध्ये हरकत नोंदवली. गायरान वाचलं. दिपालीची नोकरी गेली. सध्या ती दुसरं काम शोधायलीय, तोवर बापाच्या मेंढरांमागं जाते. मेंढरं कधी त्या वाडीवरून जातात; तिथं आता तोडीवरून परतलेली माणसं घरोघर आहेत. तरी ती तिथं कुणाच्या दाराशी उभी राहून हाक मारत नाही.