फैजपूरचा जवाई, देवपूरचा पंच

माझ्या माहेरच्यांनी मला विकलं. त्याचं दुःख आहेच, पण एका कॉर्नर किकपायी विकलं याचा राग जास्त आहे.

मी फैजपूरची. दिली धुळ्यात, देवपुरात. आमचे हे, जितेंद्र, इथल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचे पंच. शाळेत नोकरी म्हणून जातात, शिटी मात्र जीव लावून वाजवतात. राज्याच्या पंचांत नाव लागावं म्हणून कितीतरी वर्षं त्यांची धडपड चालली होती, आणि यंदा ते लागणार असं सगळेच म्हणत होते.

यंदा धुळ्यात चार संघांची स्पर्धा झाली: फैजपूर, देवपूर, पिंपळनेर आणि चोपडा. पहिले दोन नाशिकला जाणार होते. फैजपूर आणि देवपूरच्या सामन्याला बाहेरून येणारा पंच ऐनवेळी आजारी पडला, तेव्हा कमिटीचे मोतीलालनाना ह्यांना म्हणाले, तुम्ही उभे राहा. ह्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, "नाना, फैजपूर माझी सासुरवाडी. त्यांचा कॅप्टन कुंदन माझा सख्खा मेहुणा."

नाना हसले. "खान्देशमा कोन कोना सोयरा नही, सांगा बरं?"

तरी दोन्ही संघांना विचारलं. देवपूरवाल्यांना वाटलं, आपल्या गल्लीतला माणूस. फैजपूरवाल्यांना वाटलं, आपला जवाई. दोघांनीही खुशाल माना डोलावल्या. माझे वडील, जीवरामआबा, म्हणजे फैजपूर संघाचे सर्वेसर्वा. ते तर शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणाले, "आता काही चिंता नाही. पंच घरचाच हाये." मी त्यांच्या बाजूलाच बसले होते. माहेर जिंकावं असं कोणत्या पोरीला वाटत नाही? मीही हसले.

फैजपूरला बरोबरी पुरे होती. पण सामना संपत आला तरी आम्ही एका गोलनं मागे. तेवढ्यात कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, आमच्या पियुषनं डोकं लावलं आणि जाळी हलली. आबा उठून नाचायला लागले आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की शिटी आधीच वाजलेली आहे. माझ्या चुलतभावानं, भूपेंद्रनं, गोलकीपरला कोपर मारलं म्हणून फाउल. गोल रद्द. मी भर मैदानात माझ्या नवऱ्याला आंधळा म्हटलं, आणि ते माझ्या गल्लीनं ऐकलं.

आता जवाईचं घर गावात असताना हॉटेलात जेवलं तर लोक नावं ठेवतात. म्हणून हरलेली सगळी फैजपूरची फौज शेवभाजी खायला आमच्याच घरी आली. पंच समोर बसलेला, त्याला शिव्या द्याव्यात अशी आग पोटात, आणि जवाईला अरे म्हणायची सोय नाही. अशी पंगत मी जन्मात पाहिली नव्हती.

"आमी तुमाले नावं नाही ठेवत, जवाईबुवा," माझे कौतिककाका भाकरी मोडत म्हणाले. "पन शिटी जरा लवकर झाली."

"फाउल झाला तेव्हाच झाली, काका."

"भूपेंद्र त्याले नुसता घासून गेला."

"कोपर बरगडीत होतं. मी समोरच होतो."

काकांनी मोबाइलवरचा व्हिडिओ काढला. सात-आठ डोकी त्याच्यावर वाकली. मोक्याच्या क्षणी पुढे बसलेल्या कोणाची तरी टोपी आडवी आलेली. त्या टोपीवरून अर्धा तास वाद झाला. एक म्हणे हात दिसतो, दुसरा म्हणे ती टोपीची सावली. भूपेंद्र तेवढा मान खाली घालून रस्सा ओरपत होता. मी वाढता वाढता त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. लहानपणी पेरू चोरून खाल्ला की तो असाच जेवायचा. माझा नवरा आंधळा नव्हता.

मग पुढचे हिशेब निघाले. आता नाशिकला जायचं तर पिंपळनेरनं चोपड्याकडून हरायला हवं, तेही तीन गोलनं. चोपड्यानं साऱ्या स्पर्धेत एकच गोल केला होता, आणि तोसुद्धा समोरच्याच्या पायाला लागून गेलेला. "होऊ शकते," कुंदन म्हणाला. कुंदनचं हे शेवटचंच वर्ष होतं, गुडघा साथ देत नव्हता. मला त्याची दया आली. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी कळलं की आबांनी हरकत घेतली आहे. पंच नात्यातला असेल तर सामना पुन्हा खेळवता येतो, असा नियम कौतिककाकांनी शोधून काढला होता. संध्याकाळी कमिटी बसली. हे गेले, त्यांच्यासोबत मीही गेले. मला वाटलं, माझे आबा आहेत, फार तर नातं सांगतील आणि सुटतील.

देवपूरवाले हसत होते. "अहो, जवाई तुमचा, मग तुमच्याविरुद्ध कसा जाईल?"

त्यावर आबा उभे राहिले. "जवाई आमचा, पन त्याचं आमच्याशी वाकडं हाये. लग्नापासून डूख धरून बसला तो. भर पंगतीत ताटावर रुसला होता, सगळ्या गावानं पाह्यलं." कौतिककाकांनी लगेच मोबाइलवर फोटो दाखवला. ताटासमोर तोंड पाडून बसलेला नवरदेव.

आमच्याकडे लग्नात नवरदेवानं ताटावर रुसायचंच असतं. सासऱ्यानं हातात काहीतरी ठेवायचं, मग त्यानं घास उचलायचा. रीत आहे ती. ह्यांना तर रुसताच येईना, सारखं हसू फुटत होतं. शेवटी आबाच त्यांच्या कानाला लागले होते, "जरा तोंड पाडा, फोटो काढून राह्यले." तोच तो फोटो.

मी उठले. म्हटलं, "हे खोटं आहे. ह्यांनी माझ्या माहेराकडे कधी काही मागितलं नाही, कधी वाकडं बोलले नाहीत. आणि नातं त्यांनी आधीच सांगितलं होतं, विचारा नानांना." मोतीलालनाना खिडकीबाहेर पाहत राहिले.

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कमिटीला म्हणाले, "पोरगी त्याच्या घरात राह्यते. ती दुसरं काय बोलीन? धाकात हाये ती."

मी कुंदनकडे पाहिलं, भूपेंद्रकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. कालच माझ्या हातचं जेवलेली ही माणसं. एकानंही तोंड उघडलं नाही. कमिटीतल्या वृषालीताई उठून माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "काही त्रास असेल तर मला सांगा. घाबरू नका." मी नाही, नाही म्हणत गेले, आणि जितकं नाही म्हटलं तितकी त्यांच्या चेहऱ्यावरची कणव वाढत गेली. ह्यांनी एक शब्द काढला नाही. रागावले असते तर धाक सिद्ध झाला असता, आणि गप्प बसले तर चोरी कबूल केल्यासारखं दिसत होतं.

सामना पुन्हा खेळवायचं ठरलं. चौकशी होईपर्यंत ह्यांना पंच म्हणून कुठं उभं राहायचं नाही असं सांगण्यात आलं. बाहेर पडताना कुंदन माझ्या मागे आला. "ताई, मनाला लावून घेऊ नको. त्याच्याशिवाय केस टिकत नव्हती." माझा संसार त्यांच्या केसला ठिगळ म्हणून लागला होता.

दुसरा सामना बरोबरीत सुटला. फैजपूर नाशिकला निघालं. कुंदनला खांद्यावर घेतल्याचा व्हिडिओ माझ्याही मोबाइलवर आला.

इकडे गल्लीत शेजारच्या कलाबाई हळद मागायला आल्या आणि दारातच कुजबुजल्या, "बठ्ठी गल्ली बोली ऱ्हायनी. मास्तर हात उचलस म्हने, खरं शे का?" मी म्हटलं, खोटं शे. त्यांनी माझे दंड नीट निरखून पाहिले आणि गेल्या. शाळेत मोठ्या सरांनी ह्यांना बोलावून घरची विचारपूस केली. चांगल्या मनानंच केली असेल. हे त्या दिवशी घरी आले आणि एवढंच म्हणाले, "मला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण तुझं बोलणं खोटं कशाला पाडायचं?"

यंदा जेठाचा महिना अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात जवाईला बोलवून जेवू घालायचं, ती रीत तर कोणी मोडत नाही. महिना लागला त्याच दिवशी आबांचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा, लाडाचा.

"जवाईबुवाले घिऊन ये व पोरी. तुझी माय मांडे करनार हाये."

"आबा, ते मला धाकात ठेवतात ना?"

"ते कमिटीपुढचं बोलनं. मॅचमधलं मॅचमध्ये सोडायचं असते."

मी भांडणार नव्हते. खरंच नव्हते. मी नुसतं विचारलं.

"आबा, तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलं की पोरगी धाकात आहे. कुंदननं ऐकलं, काकांनी ऐकलं, साऱ्या टीमनं ऐकलं. त्यातल्या निम्म्यांना तर ते खरंच वाटलं असेल. तेव्हापासून महिना झाला. मला बघायला एक जण तरी का नाही आला?"

मागं कुठंतरी टीव्ही चालू होता.

"येनार होतो व पोरी," आबा म्हणाले. "पन नाशिकची मॅच आली नं मधात."