फिजाने न वाचलेलं पान

फिजाला छापील अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. बारावीनंतर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा खराब होत चालल्याचं सांगितलं, चष्म्याने भागणार नाही म्हणाले. मोबाईलवर मात्र तिला वाचता येई. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं केलं, की एका वेळी तीन-चार शब्द मावत. तेवढ्यावर ती कादंबऱ्या संपवायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिच्याइतकं वाचणारं कुणी नव्हतं.

घराबाहेर हे फक्त पूर्वीला माहीत होतं. भाट्याला राहणारी ही तिची मैत्रीण ग्रंथालयातलं पुस्तक घरी न्यायची आणि पानापानाचे फोटो काढून तिला पाठवायची.

बाकी कुणाला डोळ्यांचं कळू द्यायचं नाही, अशी फिजाच्या आईची, अजराची, ताकीद होती. "तुझे अब्बा जहाजावर. सोमेश्वरहून तुझ्या लग्नाची विचारणा आलीय. आपल्या राजिवड्यात एकीला कळलं, की खाडीपलीकडे कळतं. निकाह होईपर्यंत तोंड बंद ठेव गो."

त्या वर्षी मराठीच्या राजश्री मॅडमनी कॉलेजात वाचनकट्टा सुरू केला. मोबाईल दाराशी टोपलीत ठेवायचा, छापील पुस्तक हातात घेऊन वाचायचं आणि शनिवारी त्याबद्दल बोलायचं. "पडद्यावर कुणी वाचत नाही, नुसतं बोट सरकवतं," मॅडम म्हणायच्या. फिजा तिथे पुस्तक उघडून बसे, अंदाजाने पानं उलटे. शनिवारी मात्र ती बोलायला लागली की खोली शांत व्हायची. दापोलीला एका कादंबरीवर बोलायची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, तिच्यासाठी मॅडमनी फिजालाच निवडलं.

स्पर्धेच्या आधी मुंबईहून एक पाहुणे कट्ट्यावर आले. मॅडमनी कौतुकाने फिजाला पुढे बोलावलं, स्पर्धेची, एका खलाशाच्या बायकोवरची कादंबरी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यातलं शंभरावं पान वाचून दाखव. माझं फार आवडतं पान आहे."

पान तिच्यासमोर करडं होतं. आठवत होती ती दोन वाक्यं तिने म्हटली आणि ती थांबली. मॅडम जवळ आल्या.

"हे या पानावर नाहीये, फिजा."

मॅडमनी पानावर बोट ठेवलं.

"पुस्तक वाचलंयस ना?"

"हो, मॅडम."

"मग वाच."

पहिल्या बाकावरची पूर्वी उठली. "मॅडम, तिला..."

"पूर्वी, खाली बस," फिजा म्हणाली. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मी मोबाईलवर वाचलंय."

मागे कुणीतरी हसलं. मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे सारांश. इतके दिवस तू सारांश वाचून आमच्यासमोर बोलत होतीस." पाहुण्यांना त्या म्हणाल्या, "पाहिलंत? यासाठीच मी ती टोपली ठेवलीय."

दापोलीला तिच्याऐवजी कट्ट्यावरच्या ऋत्विकला पाठवायचं ठरलं. त्याने निम्मी कादंबरी वाचली होती. संध्याकाळी त्याने फिजालाच फोन करून शेवट विचारला, आणि तिने सांगितला.

पूर्वीला ते सोसवलं नाही. तिने मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडम मनाने वाईट नव्हत्या. दुसऱ्याच दुपारी त्या विचारत विचारत राजिवड्यातल्या घरी पोचल्या. बैठकीत सोमेश्वरच्या बायका सरबत घेत होत्या. त्या कोण, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. मॅडमनी फिजाचे दोन्ही हात धरले. "तुला दिसत नाही हे मला माहीत असतं, तर मी असं केलं असतं का?"

सोमेश्वरच्या बायकांनी पेले खाली ठेवले. अजराने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. त्याच आठवड्यात नकार आला.

मुलाचं फिजाला फारसं वाटलं नाही. त्याचा तिने फक्त फोटो पाहिला होता. पण अजरा तिच्याशी कामापुरतंच बोलू लागली. गल्लीतल्या बायका तिचा दंड धरून तिला गटार ओलांडून देऊ लागल्या. गटार तिला चांगलं दिसत होतं.

कॉलेजात तिला मोबाईल आत नेण्याची खास परवानगी मिळाली. मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "वाचनदिनाला तू मंचावर बसायचंस. तुझी जिद्द मुलांना कळू दे."

"नको, मॅडम."

"अगं, माझ्या मनाला किती लागलंय. मला काहीतरी करू दे तुझ्यासाठी."

फिजा म्हणाली, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर मला पुस्तकाबद्दल काहीही विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं. त्या खलाशाच्या बायकोने घर का सोडलं, तेही सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

"पण तू मोबाईलवर म्हणालीस, तेव्हा मला वाटलं..."

"हो. तसंच वाटलं तुम्हाला."

कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव छापून झालंय, एवढंच मॅडम म्हणाल्या.

वाचनदिनाला फिजा गेली नाही. पुढच्या आठवड्यात तिने कॉलेजला जाणंच बंद केलं. पूर्वी घरी आली तेव्हा बाहेरून परीक्षा देणार असल्याचं फिजाने सांगितलं.

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं गो," पूर्वी म्हणाली.

"माहितीय," फिजा म्हणाली. पूर्वी दारातच उभी राहून रडू लागली. फिजाने तिला आत ये म्हटलं नाही.