खंडेनवमीच्या पाटावर

मी रायफल बोलतेय. दचकू नका. छऱ्याची आहे, दहा मीटरवरच्या कागदी वर्तुळावर नेम धरण्यासाठी घडवलेली. सिद्धीने मला डेहराडूनला शिकत असताना घेतलं आणि शिक्षण संपल्यावर गोव्यात धारगळला, आपल्या घरी आणलं. येताना ती वाटभर एकच गोष्ट घोकत होती: गावच्या मुलांना नेमबाजी शिकवायची, पण ती मला बघून बिचकतील, आधी त्यांची भीती घालवायला हवी.

भीती कुणाला होती! वर्गाच्या पहिल्याच दिवशी एकाने मला उचललं, शेजारच्याच्या कपाळावर रोखलं आणि तोंडाने "ठो!" केलं. सगळे खिदळले. रानडुकरांपासून बाग राखायला इथे बऱ्याच घरांत बंदूक असते. मुलांना ती छत्रीइतकी ओळखीची.

मग सिद्धीने महिनाभर एकही छर्रा उडवू दिला नाही. मला हातात घेतलं की नळी रिकाम्या भिंतीकडे वळवायची, मागची खिट्टी ओढून आत बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "मोकळी आहे." रोज, प्रत्येकाने. किती हात लागले मला! घामेजलेले, शाईचे, पावाचा चुरा चिकटलेले. मला ते सगळे आवडायला लागले.

वर्ग भरायचा सिद्धीच्या थोरल्या काकांच्या, गोकुळदासांच्या ओसरीवर.

"महिनो झालो गो सिद्धी, एक आवाज नाय! पोरांक नेम शिकयतंस काय भजन?"

"काका, आधी हात शहाणे होऊ देत."

"हात शाणे होयसर माझे दात पडतले!"

खंडेनवमीला काकांनी कोयता, विळे, कुदळ पाटावर मांडली. सिद्धीने कपाटातून मला काढलं, पुसलं आणि शेजारी ठेवलं. मला झेंडूची माळ घातली, नळीवर कुंकू लावलं.

पण मला उघडून बघितलं नाही. आदल्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती एकटीच नेम धरत होती. छर्रा भरला, तेवढ्यात फोन वाजला आणि तिने मला तशीच कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पूजेची वस्तू झाले. पूजेच्या वस्तूला त्या दिवशी बंदूक कोण समजतं? मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याकडे एकच आवाज आहे, आणि तो निघून चालणार नव्हतं.

आरती झाली. मुलं समोर जमिनीवर बसली होती. काकांनी मला माळेसकट उचललं.

"सुविधा, धर गो. पयलो फोटो तुझो."

सुविधा अकरा वर्षांची, वर्गातली सगळ्यात अबोल. तिने नळी भिंतीकडे वळवली आणि खिट्टी ओढली. माळ तुटली, झेंडू जमिनीवर घरंगळले.

"अगो! पुजलेली वस्तू कोण अशी उघडून बघता?" काका खेकसले.

"बाईंनीच शिकयलां," ती पुटपुटली. आत डोकावली. तिचा आवाज बदलला. "बाई, मोकळी नाय."

सिद्धीने मला हातात घेऊन छर्रा बाहेर काढला.

मुलं गेल्यावर काका हळूच म्हणाले, "खंय बोलू नको. पोरां विसरतली. आयबापांक कळलां तर वर्गाक एक पोर येवचां नाय."

सिद्धी जमिनीवरचे झेंडू वेचत होती.

आज दसरा. सकाळी सिद्धीने मला दोनदा उघडून बघितलं आणि कपाटात ठेवलं. उद्या कुणी मला बाहेर काढेल की नाही, ठाऊक नाही. मुलांचे ते हात मला हवे आहेत. पण तुम्ही मला कधी उचललंत, तर माळ असो, कुंकू असो, आधी माझ्या आत बघा. मला राग येत नाही.

अंगणात स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येतोय. काका विचारताहेत, "सणाच्या दिवसा सकाळीच खंय चललंस?"

"बारा मुलांची घरं आहेत, काका. आधी सुविधाच्या आईकडे जाते. चूक माझी होती, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकायला हवं."