सांगतील ती इतर कामं

डोरीन कोस्कीच्या नेमणुकीच्या कागदावर सतरा कामं लिहिलेली होती. वर्गातल्या बाईंना मदत करणे, मुलांना संडासाला नेणे, जेवताना कुणाच्या घशात घास अडकत नाही ना ते बघणे, अशी सोळा. सतरावं होतं ‘मुख्याध्यापक सांगतील ती इतर कामं’. सोळा नुसती नावाला. बावीस वर्षं शाळेत तिने जे काही केलं ते बहुतेक सतराव्यातच मोडत होतं. शिक्षक आजारी पडला, बोलवा डोरीनला. जेवणघरात माणूस कमी पडलं, बोलवा डोरीनला. पोरगं ओकलं, तर विचारायलाच नको.

त्या मंगळवारी बाहेर उणे अठरा होतं. अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात जानेवारीत याला कोणी थंडी म्हणत नाही, फक्त गाड्या चालू होत नाहीत. आठ वाजता मुख्याध्यापक डेल हॉवर्सन तिला दारातच भेटले. एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात वॉकी-टॉकी.

“डोरीन, बालवर्गाच्या बाईंची गाडी बंद पडलीय. बदली मिळत नाहीये. वीस पोरं आहेत, तुम्ही घ्या जरा.”

“आणि व्हॅनपाशी कोण जाणार? आठ वीसला लिबान येतो.”

“घेईल कोणीतरी. दाराशी सगळेच असतात की.”

“त्याचं जरा वेगळं आहे, डेल.”

“अहो, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. प्लीज.”

डोरीन “बरं” म्हणाली. बावीस वर्षं हाच शब्द म्हणून म्हणून तिच्या जिभेला त्याची सवयच झाली होती.

दहा मिनिटांचं काम दीड तासावर गेलं. वीस पोरांचे बर्फात घालायचे जाड पायजमे, चाळीस बूट, चाळीस हातमोजे, आणि ते सगळं उतरवेपर्यंत सहा जणांना शूची घाई. एकाने दुसऱ्याचा बूट फेकला, तिसरीच्या नाकातून रक्त आलं. त्या गदारोळात लिबानची आठवण तिला दोनदा आली, आणि दोन्ही वेळा तिने स्वतःला समजावलं की घेतला असेल कोणीतरी. पावणेदहाला बालवर्गाच्या बाई लालबुंद गालांनी एकदाच्या आल्या, तशी डोरीन आपल्या नेहमीच्या वर्गात, दुसरीत गेली.

लिबानची खुर्ची रिकामी होती.

लिबान सात वर्षांचा, सोमाली घरातला. तो बोलत नसे. वर्गाला शिकवायचं काम मिस केंड्राचं आणि लिबानला सांभाळायचं काम डोरीनचं, अशी सरळ वाटणी होती. केंड्रा चोवीस वर्षांची, जीव तोडून शिकवणारी आणि सदा भांबावलेली.

“लिबान कुठाय गं?” डोरीनने हळूच विचारलं.

“मिस पामरकडे. आज मंगळवार ना.”

मंगळवारी तो व्हॅनमधून उतरून थेट मिस पामरच्या खोलीत जाई, उच्चार शिकायला. नेणारी डोरीनच. आणि केंड्रा त्याला न बघताच हजेरीत ‘हजर’ करी. त्याला कारण होतं. तिने एकदा ‘गैरहजर’ लिहिलं, तसा संगणकाने आपोआप आईला फोन लावला. आई, होदान, टर्की पक्ष्यांचं मांस कापायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी. घाबरून काम सोडून धावत आली आणि त्यापायी तिला लेखी ताकीद मिळाली. तेव्हापासून मंगळवारी लिबान हजर म्हणजे हजर. कुणाच्या भल्यासाठीच केलं होतं ते.

डोरीन मिस पामरच्या खोलीत डोकावली. आत दुसराच मुलगा आरशासमोर जीभ बाहेर काढून बसला होता.

“लिबान?” मिस पामर म्हणाली. “तो आज आलाच नाही ना? मला वाटलं एवढ्या थंडीत आईने घरीच ठेवला असेल.”

नंतर डोरीन सांगायची की भीती डोक्यात येते असं लोक म्हणतात ते खोटं, ती आधी पायात येते. मग ती ऑफिसकडे पळत सुटली. पोरांना ‘पळू नका’ सांगण्यात बावीस वर्षं गेलेली बाई त्याच कॉरिडॉरमधून पळत होती.

ऑफिसात मार्लिस बसते. शाळा खरं म्हणजे तीच चालवते, मुख्याध्यापक फक्त सह्या करतात.

“मार्लिस, लिबान आलाय का आज?”

मार्लिसने पडद्यावर पाहिलं. “हजर आहे.”

“हजर आहे, पण नाहीये!”

“म्हणजे काय गं?”

“म्हणजे कुणालाच माहीत नाहीये तो कुठाय! घरी फोन लाव. त्याच्या आईला लाव.”

घरचा फोन नुसता वाजत राहिला. कारखान्यातल्या मुकादमाने “सुट्टीत निरोप देतो” म्हणून ठेवून दिला. डेल आले, त्यांनी दोन्ही हात वर करून “कोणी घाबरू नका” असं सांगितलं, आणि त्यांच्या स्वतःच्या कपाळावर घाम होता. संडास बघा, व्यायामशाळा बघा, स्टेजमागे बघा, असे हुकूम वॉकी-टॉकीवर सुटले. सफाईचा माणूस बाहेरच्या दारांकडे धावला.

बाहेरची दारं! डोरीनला ती एकाएकी डोळ्यांसमोर दिसली. शाळेची दारं बाहेरून उघडत नाहीत, सुरक्षेसाठी. मोठ्या माणसाने घंटी दाबायची, कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं, मग मार्लिस उघडणार. सात वर्षांच्या, न बोलणाऱ्या पोराने काय करायचं? तो दाराला कपाळ टेकून उभा राहिला असता, आणि आत शंभर पोरं गाणी म्हणत असती. तिने मनातल्या मनात देवाला काय काय कबूल केलं ते तिलाच ठाऊक.

“बाहेर कुठेच नाही,” वॉकी-टॉकी खरखरला. “बर्फात पावलंही नाहीत.”

“सकाळी व्हॅनपाशी कोण होतं?” तिने विचारलं.

व्यायामाचे सर, रिक, दारातच उभे होते. “मी होतो. दोन पोरं उतरली, दोन्ही मी आत आणली.”

“तीन असतात, रिक.”

“मला कुणी सांगितलं नाही बुवा. दोनच उतरली.”

दोनच उतरली. डोरीनने ते शब्द मनात पुन्हा म्हटले, आणि मग तिला सगळं कळलं.

गेल्या वर्षी लिबान एकदा व्हॅन थांबताच सटकून रस्त्यावर धावला होता. ट्रक हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर पूर्ण हिवाळाभर डोरीनने त्याला एकच गोष्ट शिकवली. पट्टा सोडायचा नाही, उठायचं नाही. मिस डोरीन येईल, हात पुढे करेल, मगच उठायचं. रोज सकाळी तेच ते, चित्रं दाखवून, फळाचे तुकडे बक्षीस देऊन. मार्चपर्यंत तो असा पक्का झाला की एकदा शाळेच्या दाराशी खुद्द आईने ओढलं तरी डोरीनशिवाय व्हॅनमधून हलला नाही. सभेत डेलनी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या होत्या.

“तो उतरलाच नाही,” ती म्हणाली. “मी गेले नाही ना. तो अजून व्हॅनमध्येच आहे.”

मार्लिसने गाड्यांच्या खात्याला फोन लावून आवाज मोठा केला. नेहमीचा चालक सुट्टीवर, बदलीवर गॉर्डी नावाचा म्हातारा.

“चौदा नंबर?” गॉर्डी म्हणाला. “ती रिकामी आहे, ताई. मागच्या काचेत ‘रिकामी’ची पाटी लावलीय मी.”

नियम असा की फेरी संपली की चालकाने आतून शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकाखाली बघायचं, आणि तिथे पोचल्यावर ती पाटी मागच्या काचेत अडकवायची. पाटी म्हणजे तो चालत गेल्याची खूण.

“गॉर्डी, आतून चालत गेला होतात ना?” मार्लिसने विचारलं.

“थंडी फार होती हो,” पलीकडून तो म्हणाला. “मागचं दार बाहेरून उघडलं आणि... सगळेच तसं करतात हो, ताई.”

डोरीनने पुढचं ऐकलं नाही. ती कोट न घालता मागच्या दाराने बाहेर पडली होती.

गाड्यांचं आवार शाळेच्या मागे, हॉकीच्या मैदानापलीकडे. पहिल्याच श्वासाला नाकातले केस गोठले. चोपन्न वर्षांचं वजनदार शरीर, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि पायात घरात घालायचे बूट. ती पडली, उठली, परत पडली. तिला थंडी वाजत नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली, कारण आपल्याला इतक्यात हे असं होतंय तर त्याला दीड तासात काय झालं असेल. ती मोठमोठ्याने त्याला हाका मारत होती. तो ओ देणार नाही हे माहीत असूनही मारत होती.

आवारात सात व्हॅन ओळीत उभ्या होत्या, आणि सातहींच्या मागच्या काचेत ‘रिकामी’ची पाटी. नंबर बर्फाने झाकलेले. तिने पहिलीचा नंबर पुसला, एकवीस. दुसरीचा पुसला, नऊ. बोटं हलेनात. मग तिची नजर काचांवर गेली. सहा गाड्यांच्या काचांतून आरपार दिसत होतं. टोकाच्या गाडीच्या काचा आतून पांढऱ्याफटक झाल्या होत्या. रिकाम्या गाडीला असं होत नाही. तसं व्हायला आत कुणीतरी श्वास घ्यावा लागतो.

पण केव्हाचा श्वास? तिचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. जोवर दार बंद आहे तोवर तो जिवंत आहे असं तिच्या वेड्या मनाने घेतलं. किती क्षण गेले कोण जाणे. मग तिने दार ओढलं.

लिबान दुसऱ्या बाकावर ताठ बसला होता. पट्टा लावलेला, टोपी भुवयांपर्यंत, पापण्यांवर पांढरं. हलत नव्हता.

“लिबान. बाळा. आले मी.”

पापण्या हलल्या. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने स्वतःचा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात तिला त्याचा उजवा हात दिसला. तो हात त्याने पुढे करून ठेवला होता, मांडीवर, तळवा वर करून. त्या हातात मोजा नव्हता. जाड मोजा घातला की हात निसटतो, म्हणून व्हॅन थांबली की उजवा मोजा काढून बसायचं, हेही तिनेच शिकवलं होतं. व्हॅन आठ वीसला थांबली होती. त्याने तेव्हाच मोजा काढला होता, आणि तेव्हापासून तो हात तसाच होता. बोटं पांढरी आणि कडक, मेणबत्तीसारखी.

तिने पट्टा सोडला, त्याला कुशीत घेतलं आणि ती बोटं स्वेटरच्या आत, आपल्या पोटाला लावून धरली. तो रडला नाही. ती रडत होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अंग ठीक आहे. आईने याला तीन पायजमे आणि दोन स्वेटर घातले होते, तिनेच वाचवला. हाताचं मात्र आठवड्याभरात कळेल. दोन बोटांची टोकं जाऊ शकतात.

कॉरिडॉरमध्ये डेलनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा चेहराही उतरलेला होता, माणूस वाईट नव्हता तो. “डोरीन, आत्ता कुणाशी काही बोलू नका. वरच्या कार्यालयाचा फोन होता. आपण एवढंच म्हणायचं, की कार्यपद्धतीत त्रुटी राहिली. चौकशी होईल. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय.”

“बरं,” डोरीन म्हणाली.

होदान आली ती कारखान्यातूनच, रबरी बुटांत, डोक्याच्या रुमालावर केसांची जाळी तशीच. तिने लिबानला मांडीवर घेतलं, पट्ट्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती.

“मिस डोरीन, तुम्ही आज आजारी होतात का?”

डेल खाकरले. “मिसेस होदान, शाळेच्या कार्यपद्धतीत जी काही—”

“नाही,” डोरीन म्हणाली. “आजारी नव्हते. शाळेतच होते.”

“मग?”

“दुसऱ्या वर्गावर होते.”

होदानने ते नीट समजून घेतलं. “पण तुम्ही आल्याशिवाय तो उठत नाही.”

“हो.”

“हे कोणाकोणाला माहीत होतं?”

डोरीनने डेलकडे पाहिलं. सभेतल्या त्या टाळ्या त्यांना आठवत नव्हत्या, हे तिला त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसलं. रिकला माहीत नव्हतं, गॉर्डीला माहीत नव्हतं. सकाळी आठ वाजता दारात उभं राहून हे वाक्य मोठ्याने सांगू शकणारं शाळेत एकच माणूस होतं.

“मला,” ती म्हणाली. “फक्त मला.”

होदानने मान हलवली. मग तिने खुर्ची फिरवून पोराला कुशीत ओढलं, आणि डोरीनकडे पाठ करून बसली.