आधी त्या पोराला उठवा

मी शेवटची खुर्ची बोलतेय. कोर्टाच्या कडेला संघाच्या खुर्च्यांची रांग असते ना, तिच्यातली अगदी टोकाची, पाण्याच्या पिंपाशेजारची. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात बोलतेय. गोड ऐकायचं असेल तर आत ट्रॉफीचं कपाट आहे, त्याच्याकडे जा. त्याचं कायम छान चाललेलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी नळ्या वाकवल्या, पाठीला पत्रा ठोकला, बसायला काळं रेक्झिन ताणून बसवलं. घडी घालून भिंतीला टेकवता येईल अशी मी. तयार झाल्यावर कारखान्याचा फोरमन माझ्यावर बसून बघायला आला. बुटका, गोल, समाधानी माणूस. त्याचे पाय जमिनीला नीट टेकले, पाठ पत्र्याला टेकली आणि तो म्हणाला, "झकास! आता कोणीही बसू दे."

हे 'कोणीही' लक्षात ठेवा. फोरमनला वाटलं, जगातली सगळी माणसं साधारण त्याच्याएवढीच असतात. त्यात त्याचा काही दोष नाही. त्याने आयुष्यात बास्केटबॉलचा सेंटर पाहिला नव्हता.

मला विकत घेतलं एका क्लबने. हौशी क्लब नव्हे, खेळाडूंना पगार देणारा. तिथे येणाऱ्यांत बुटके, चपळ, तुरुतुरु पळणारे असतात आणि काही ताडमाड वाढलेले असतात. या ताडमाडांचं काम बास्केटखाली. तिथे धक्के खायचे, रिंगवरून परतलेला चेंडू सगळ्यांच्या वरून हिसकायचा, समोरच्याला आत घुसू द्यायचं नाही. त्यांना सेंटर म्हणतात. रांगेतली पहिली खुर्ची कोचची आणि शेवटची, म्हणजे मी, सगळ्यात नव्या आणि बहुतेक वेळा सगळ्यात उंच पोराची. रांगेतलं सगळ्यात लांब अंग सगळ्यात लांबच्या खुर्चीत. कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण नेम झाला तो झालाच.

ही पोरं निवडायला क्लबने एक साहेब ठेवले आहेत. खेळाडू त्यांना मागून 'टेपवाले' म्हणतात, कारण त्यांच्या गळ्यात कायम मोजपट्टी. पोराची उंची मोजतील, पसरलेले हात मोजतील, पंजा मोजतील, उडी मोजतील. गळ्यात टेप शिंप्याच्याही असते, पण शिंपी माप घेऊन निदान कपडा तरी शिवतो. हे माप घेतात आणि मत देतात. "कच्चा हिरा आहे, पैलू पाडायला हवेत," म्हणतात. पैलू पाडायला मात्र कोणी येत नाही. हिरा माझ्यावर आणून बसवतात आणि दोन वर्षांनी विचारतात, अजून चमकत का नाही?

अशीच कितीतरी पोरं माझ्यावर बसून गेली. त्यातलं एक मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याला सगळे मचाण म्हणायचे.

आला तेव्हा कोवळा होता, मिसरूडही धड नव्हतं. दारातून वाकून आला आणि आत आल्यावरही जरा वेळ वाकलेलाच राहिला, सवयीने. माझ्यापाशी आला, म्हणाला, "इथे बसू?" आणि बसला कसला, कोसळला! गहू भरलेलं पोतं खांद्यावरून टाकावं तसा. माझ्या चारही पायांनी आई गं म्हटलं. त्याचे गुडघे वर येऊन कानाशी लागले. पलीकडच्या चपळ पोराने विचारलं, "काय रे मचाण, घडी नीट बसली का?" सगळे हसले. तोही हसला.

आता मला काय कळतं ते ऐका. टेपवाल्यांना टेप कळते, मला बसणं कळतं. माणूस अंग टाकतो की अंग सावरून बसतो, हे खुर्चीइतकं कोणाला कळणार? उंच पोराचं अंग त्याच्या ताब्यात उशिरा येतं. हाडं आधी पळत सुटतात आणि बाकीचं शरीर मागून धापा टाकत येतं. बुटकी पोरं ज्या वयात तयार होतात त्या वयात ही पोरं अजून स्वतःच्या पायांची ओळख करून घेत असतात. मचाण पहिलं वर्षभर माझ्यावर कोसळत होता. दुसऱ्या वर्षी तो बसायला लागला. हात न टेकता, मांड्यांवर भार घेत, हळूच. मला वजन कळायचंच नाही. पोरगा तयार होत होता हो! अंग ताब्यात येत होतं. पण हे बघायला टेपवाले कधी माझ्याकडे फिरकले नाहीत.

आणि इथेच घात होता, तो माझ्याच चार पायांत. फोरमनच्या मापाच्या खुर्चीवर सात फुटी माणूस गुडघे मुडपून तासभर बसला तर काय होईल? गुडघे आखडतील, मांड्या दगड होतील. मॅच हातातून गेली की कोच ओरडायचा, "मचाण, जा!" तो माझ्यावरून उठायचा तोच कण्हत. कोर्टावर दोन-तीन मिनिटं जड पावलांनी धावायचा, समोरचा त्याच्या बाजूने सुर्र करून निघून जायचा. मग टेपवाले मान हलवायचे, "पाय जड आहेत. जात्याच सुस्त पोरगा."

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणता. पण इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते अंगण म्हणजे मी! तुम्ही त्याला जोखतच नव्हता. तुम्ही मला जोखत होता.

तुम्ही म्हणाल, उपाय काय? उपाय माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता, म्हणून तर माझं डोकं फिरतं. संघाचा मुख्य सेंटर एक वयस्क खेळाडू होता, त्याला सगळे दादा म्हणायचे. दादाची खुर्ची माझ्याच जातीची, पण एका लाकडी चौकटीवर चढवलेली, हातभर उंच. दादा तिच्यावर बसला की गुडघे सरळ आणि पाय मोकळे. ती चौकट त्याने तरुणपणी स्वतः ठोकून घेतली होती, कारण त्याआधी तोही माझ्यावरच बसायचा. त्याच्याही गुडघ्यांच्या कळा मला पाठ आहेत.

पण वर्षं गेली आणि चौकट कशासाठी होती ते सगळे विसरले. ती झाली दादांची गादी. तिच्यावर दुसऱ्याने बसायचं नाही. नव्या पोरांना सांगायचे, "गादी मिळायला नशीब लागतं." एकदा सरावाच्या वेळी मचाण चुकून तिच्यावर टेकला. क्षणभर त्याचा चेहरा असा मोकळा झाला! तेवढ्यात कोच कडाडला, "ए, ऊठ! आधी कमव, मग बस." औषधाचा मुकुट करून ठेवला या शहाण्यांनी. आणि दादा? तो बुटांच्या नाड्या बांधत होता. मान वर केली नाही.

दुसरं वर्ष संपत आलं. मचाणला ठेवायचं की सोडायचं, हे शेवटच्या मॅचनंतर ठरणार होतं. इथून सुटलेल्या उंच पोराला सहसा कोणी पुन्हा बोलावत नाही. एकदा 'सुस्त' असा शिक्का बसला की तो त्याच्या आधी पुढच्या गावी पोचतो. पोराने घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याची आई प्रत्येक मॅचला वरच्या रांगेत येऊन बसायची आणि तो कोर्टावर आला की पिशवी मांडीवर घट्ट धरायची.

शेवटच्या मॅचला दादाला ताप भरला. तो घरीच राहिला. कोचचा नाइलाज झाला आणि मचाण पहिल्या मिनिटापासून कोर्टावर. गरम अंगाने, मोकळ्या गुडघ्यांनी, माझ्यावर न बसता!

काय खेळला म्हणून सांगू! रिंगवरून परतलेला प्रत्येक चेंडू त्याच्या हातात. समोरचा डावीकडे वळला की हा आधीच डावीकडे. पाय असे पडत होते की मला माझ्या जागेवरून उड्या माराव्याशा वाटल्या. कोच दोनदा पुटपुटला, "हा कुठे होता इतके दिवस?" अरे, माझ्यावर होता! तूच बसवला होतास!

मग त्याला विश्रांतीसाठी बाहेर बोलावलं. घामाने निथळत तो रांगेशी आला. दादाची गादी रिकामी होती. दादा घरी, ताप अंगात, गादीवर चिटपाखरू नाही. मचाणने तिच्याकडे पाहिलं, मग कोचकडे पाहिलं. कोचचं लक्ष नव्हतं. एक शब्द पुरला असता. पोरगा गुणी निघाला हो, तेच वाईट झालं. तो आला आणि माझ्यावर बसला.

माझ्यावर त्याचे गुडघे हळूहळू थंड होत गेले. मला ते कळत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. कोचने त्याला शेवटासाठी राखून ठेवलं होतं. मध्यंतर झालं, नंतरचाही बराच खेळ झाला, आणि मॅच अटीतटीला आल्यावर कोच ओरडला, "मचाण!" तो उठला. पहिलं पाऊलच अडखळलं. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. समोरचा सुर्र करून निघून गेला, मॅच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टावरच खुर्च्या गोल मांडून बैठक झाली. आणि माझ्यावर कोण बसलं? टेपवाले साहेब! पाय टेकवले, पाठ टेकवली, हलून पाहिलं आणि म्हणाले, "अगदी मापात आहे हो खुर्ची. आरामशीर." मग त्याच दमात म्हणाले, "पोरगा सुरुवातीला चमकतो आणि विझतो. दम नाही. सोडून द्यावा."

गादीवर दादा होता, ताप उतरलेला. कोचने विचारलं, "दादा, तुमचं काय मत? तुम्ही रोज त्याच्याबरोबर सराव करता."

बोल ना रे! तूही बसायचास माझ्यावर, तुला ठाऊक आहे सगळं! एक वाक्य! दादाने आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. पोरगा राहिला तर पुढच्या वर्षी गादी कोणाची, हे त्यालाही कळत होतं. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

मूग गिळणारे पुष्कळ पाहिलेत मी. पण त्या दिवसाचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

मचाण सामान न्यायला आला तेव्हा आई बरोबर होती. कोचची वाट बघत तो सवयीने माझ्यावर बसला.

"हे काय? असा काय बसलायस घडी घालून?" आई म्हणाली.

"खुर्ची आहे आई. सगळे असेच बसतात."

"सगळे बसत असतील. तू घरी कधी बसलायस खुर्चीत? जेवतोस ओट्यावर बसून, टीव्ही बघतोस दाराला टेकून. पाहुण्यांसमोर लाज आणतोस माझी. आणि इथे मॅचभर असा बसायचास? उठताना कळा नाही आल्या?"

पोराने कानाशी आलेल्या आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "यायच्या. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

तो उठला. गादीपाशी गेला आणि चौकटीची उंची आपल्या गुडघ्याला लावून पाहिली. तेवढ्यात दादा आत आला आणि दारातच थबकला.

"दादा, ही चौकट तुम्ही कशासाठी केली होती?"

"गुडघ्यांसाठी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

माझ्या अंगातला खिळा न् खिळा तापला. आईने दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोराच्या हातातली बॅग उचलली. "चल रे. ज्याला सांगायचंच नव्हतं त्याला काय विचारायचं?"

पुढे दादा निवृत्त झाला. क्लबने त्याचा मोठा सत्कार केला आणि गादीवर त्याचा नंबर रंगवून ती त्याच्या सन्मानार्थ रिकामी ठेवायची ठरवली. आजही ती माझ्याशेजारी आहे, उंच आणि रिकामी. आणि माझ्यावर नवं पोर आहे, मचाणहूनही लांब, गुडघे कानाशी.

आज मॅच आहे. समोरचा संघ लहान गावचा, आणि त्यांचा सेंटर आहे मचाण. त्या क्लबकडे ना गादी ना चौकट. तो बाहेर आला की बसतच नाही. रांगेच्या टोकाला उभा राहतो, पाय हलवतो, येरझाऱ्या घालतो. आत बोलावलं की पहिल्याच पावलाला वारा. आमच्या रिंगखालचे सगळे चेंडू तो घेऊन चाललाय. माझ्यामागे टेपवाले शेजाऱ्याला सांगताहेत, "मी तेव्हाच म्हटलं होतं, या पोरात काहीतरी आहे!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला घडी होता येतं, त्यांची बोटं मध्ये असती तर बरं झालं असतं.

मॅच हातातून चाललीय. कोच नव्या पोराला ओरडतोय, "तयार राहा!" माझ्यावर त्याच्या मांड्या दगड झाल्यात. पलीकडून मचाणने त्याच्याकडे पाहिलं. पंजा उताणा करून वर उचलला. ऊठ.

पोर अर्धवट उठलंय. कोच खेकसला, "ए, बस खाली! मागच्यांना दिसत नाही!"

त्याचे दोन्ही हात अजून माझ्यावर टेकलेत. वर जाऊ की खाली, त्याला कळत नाहीये. ऐक रे बाळा. मी खुर्ची आहे. माणसाला बसवणं एवढं एकच काम मला येतं आणि ते मी तुझ्या बाबतीत कधीच धड केलं नाही. मागच्यांना नाही दिसलं तर नाही दिसलं. त्यांना बसूनही काही दिसलेलं नाही. मी रिकामी राहीन. तू ऊठ.